इंच मोजावेत की पान? छोटे टॅब आणि ई-रीडर यांच्या स्क्रीनचा आढावा

जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, टॅब घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न इंचांचाच येतो. ‘भाऊ, कितला इंचना जोयजे?’ मग काउंटरवर सात, पावणेनऊ, अकरा असे खोके मांडले जातात. आकडा वाढला की किंमत वाढते, आणि गिऱ्हाईक खिशाकडे बघत मधला खोका उचलतं. सिनेमा आणि रील बघायला हा हिशेब चालून जातो. वाचायला मात्र तो पुरत नाही. सात इंची टॅबवर पुस्तकाची ओळ सहा इंची किंडलएवढीच रुंद दिसू शकते, आणि पावणेसात इंची फोनची स्क्रीन क्षेत्रफळात त्याच किंडलपेक्षा लहान भरते. असं का होतं, मराठी वाचणाऱ्याला त्याचा काय फरक पडतो आणि खानदेशातल्या वाचकाने, विद्यार्थ्याने, शेतकऱ्याने नेमकं काय घ्यावं, याचा हा आढावा.

इंच कशाचे?

स्क्रीनचे इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप. टीव्हीच्या काळापासून हीच रीत चालत आली आहे. या मापात लांबी किती आणि रुंदी किती हे कळत नाही. स्क्रीन जितकी उभट, तितकं त्याच इंचांत क्षेत्रफळ कमी.

सहा इंची ई-रीडरची लांबी-रुंदी ४:३ या प्रमाणात असते. म्हणजे स्क्रीन ९.१ सेंमी रुंद आणि १२.२ सेंमी उंच. आजचे बरेचसे फोन २०:९ प्रमाणातले. तसा ६.७ इंची फोन जेमतेम ७ सेंमी रुंद आणि १५.५ सेंमी उंच भरतो. गुणाकार केला तर ई-रीडरचं क्षेत्रफळ सुमारे १११ चौरस सेंमी आणि फोनचं १०८. खोक्यावर पाऊण इंच जास्त, हातात मात्र थोडं कमीच. वाचताना खरी अडचण रुंदीची. ओळ दोन सेंमीने आखूड झाली की मराठीतले लांब शब्द सारखे पुढच्या ओळीत ढकलले जातात.

दुसरी गोष्ट, इंच सरळ वाढतात पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं. प्रमाण तेच ठेवून सातावरून दहावर गेलात तर स्क्रीन दीडपट होत नाही, दुप्पट होते. म्हणून सहा आणि सात यांतला एका इंचाचा फरक दुकानात किरकोळ वाटला तरी पानावर तो सुमारे ३६ टक्के जास्त जागा देतो.

सात इंची टॅबचा प्रवास

छोट्या टॅबची चढाओढ २०१० मध्ये सुरू झाली. सॅमसंगचा पहिला गॅलॅक्सी टॅब सात इंची होता. त्याच वर्षी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी सात इंची टॅबची जाहीर खिल्ली उडवली. असा टॅब आयपॅडच्या ४५ टक्केच भरतो आणि त्यावरची बटणं दाबायला बोटं घासून बारीक करावी लागतील, असा त्यांचा रोख होता. क्षेत्रफळाचा मुद्दा बरोबर होता, बाजाराचा अंदाज चुकला. २०११ मध्ये ॲमेझॉनने सात इंची किंडल फायर आणला, २०१२ मध्ये गूगलने सात इंची नेक्सस ७, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात खुद्द ॲपलने ७.९ इंची आयपॅड मिनी काढला.

मिनीची खुबी प्रमाणात होती. तो ४:३ चा, त्यामुळे साधारण १२ सेंमी रुंद. नेक्सस ७ हा १६:१० चा, म्हणून ९.४ सेंमी. आकड्यात एका इंचाहूनही कमी फरक, पण पानाच्या रुंदीत अडीच सेंमीचा.

आपल्याकडे सात इंच घराघरांत पोचले ते ‘आकाश’ या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी टॅबच्या बातमीतून. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी हा टॅब दिल्लीत सादर केला. डेटाविंड कंपनीने तो सरकारला ₹२,२७६ ला दिला होता. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित ‘आकाश-२’ आला. त्यामागे आयआयटी मुंबई होती आणि तिथले प्रा. दीपक फाटक या कामाचा चेहरा होते. आकाशच्या मंद प्रोसेसरवर आणि बोटाने जोर देऊन दाबाव्या लागणाऱ्या स्क्रीनवर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. स्क्रीनच्या आकाराकडे कोणी फारसं पाहिलं नाही. दोन्ही आकाशची स्क्रीन ८०० बाय ४८० पिक्सेलची, म्हणजे ५:३ प्रमाणातली. सात इंच खरे, पण रुंदी ९.१ सेंमी, सहा इंची किंडलइतकीच. त्यात इंचाला जेमतेम १३३ पिक्सेल. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ त्यावर वाचणाऱ्या मुलाला पान पुरं बघितलं तर अक्षर दिसेना आणि अक्षर मोठं केलं तर पान मावेना. योजना का फसली याची कारणं अनेक आहेत. वाचनापुरतं बोलायचं तर हे एक कारण पहिल्या दिवसापासून खोक्यातच होतं.

धुळे जिल्ह्यात नंतर जे घडलं ते याच्याशी ताडून पाहण्यासारखं आहे. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या. तिथे भर वर्गातल्या मोठ्या पडद्यावर होता. तीस-चाळीस मुलांना एकत्र शिकवायचं तर मोठा पडदाच लागतो. छोटा टॅब हे एकट्याने वापरायचं साधन, आणि त्याचं मोजमाप एका माणसाच्या हातात, एका पानापुरतंच करायला हवं.

सात इंची टॅब आता जवळजवळ संपले, कारण फोनच वाढत वाढत तिथवर आले. आज ‘छोटा टॅब’ म्हणजे बहुतेक करून ८ ते ९ इंच. सॅमसंगचे गॅलॅक्सी टॅब ए७ लाइट (२०२१) आणि टॅब ए९ (२०२३) दोन्ही ८.७ इंची, १३४० बाय ८०० पिक्सेलचे. आयपॅड मिनी २०२१ पासून ८.३ इंची झाला आणि त्यात इंचाला ३२६ पिक्सेल आहेत. ८.७ इंची टॅब ११.३ सेंमी रुंद, ८.३ इंची मिनी ११.६ सेंमी. लहान आकड्याची स्क्रीन इथेही जास्त रुंद निघते.

ई-रीडर: सहावरून सातावर

ई-इंकची स्क्रीन स्वतः प्रकाश फेकत नाही. बाहेरचा उजेड कागदासारखा परतवते, आणि पान उलटलं नाही तोवर तिला वीज जवळजवळ लागतच नाही. ही स्क्रीन बनवणारी मुख्य कंपनी एकच असल्यामुळे वेगवेगळ्या ब्रँडचे आकारही तेच ते दिसतात: ६, ६.८, ७, ७.८, १०.३ आणि १३.३ इंच.

सहा इंचांची गादी फार जुनी. २००४ मध्ये जपानात आलेला सोनीचा लिब्रिए सहा इंची होता, २००७ चा पहिला किंडलही सहा इंचीच. तेव्हा इंचाला १६७ पिक्सेल असत. २०१४ च्या किंडल व्हॉयेजपासून ३०० आले. किंडलच्या सर्वांत स्वस्त मॉडेलला ते मिळायला २०२२ उजाडलं. आकारही हळूहळू वाढला. पेपरव्हाइट २०२१ मध्ये ६.८ इंच आणि २०२४ मध्ये ७ इंच झाला. कोबोचा क्लारा सहावर राहिला, लिब्रा मात्र सुरुवातीपासूनच सात इंची. मोठ्या मापाचा प्रयोग २००९ मध्येच ९.७ इंची किंडल डीएक्सने करून पाहिला होता, पण तो टिकला नाही. लेखणीने लिहिता येणारा १०.२ इंची किंडल स्क्राइब २०२२ मध्ये आल्यावर हे माप पुन्हा रुळलं. रंगीत ई-इंकही आता मिळते, मात्र तिच्यात काळ्या अक्षराला ३०० आणि रंगाला १५० पिक्सेल अशी विभागणी असते. रंगीत नकाशे आणि चित्रं कमी रेखीव दिसतात ती म्हणून.

सहा का सात, याचं उत्तर वाचायचं काय त्यावर आहे. अक्षर लहान-मोठं केल्यावर ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात, अशा ई-बुकला सहा इंच पुरतात. पान जसंच्या तसं गोठलेलं असेल, तर सहा कमी पडतात आणि सातही काठावर येतात.

देवनागरीला जागा जास्त लागते

इंग्रजी परीक्षणांत ‘सहा इंच भरपूर’ असं वाचून मराठी वाचकाने तेच धरून चालू नये. देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ओळींमधलं अंतर जास्त ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेवर चढतो. त्यामुळे त्याच स्क्रीनवर इंग्रजीपेक्षा मराठीच्या ओळी कमी बसतात.

पिक्सेलचा मुद्दाही इथे तीव्र होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यातला फरक एखाद्या बारीक रेषेचा. ‘द्ध’, ‘द्व’, ‘द्य’ ही जोडाक्षरं बारीक टाइपात आणि कमी पिक्सेलांत सारखीच काळी दिसतात. सरावलेला वाचक अंदाजाने पुढे जातो, पण चौथी-पाचवीतलं मूल अडखळतं, आणि डोळ्याला चष्मा लागलेले आजोबाही. म्हणून मराठीसाठी आकाराआधी एक अट घालावी: ई-रीडर असेल तर ३०० पिक्सेलच्या खालचा नको. स्वस्त ८.७ इंची टॅबवर इंचाला १८० च्या आसपास पिक्सेल असतात. तिथे अक्षर थोडं मोठं ठेवून वाचायची तयारी हवी.

मराठी पुस्तक मिळतं कोणत्या रूपात?

आकाराचा निर्णय खरं तर इथे होतो. ॲमेझॉनने १ डिसेंबर २०१६ रोजी किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आणली. ती बहुतेक ओळी नव्याने मांडली जाणारी, आणि सहा-सात इंचांवर उत्तम वाचता येतात. ‘बुकगंगा’ची ई-पुस्तकं त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात, ती किंडलवर चालत नाहीत. ज्यांची खरेदी मुख्यतः तिथून आहे त्यांना अँड्रॉइड टॅब किंवा आयपॅड लागणार, नाहीतर बुक्स (Boox) या ब्रँडसारखा अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर.

फुकट आणि कायदेशीर मराठी ग्रंथांचा सर्वांत मोठा साठा मात्र पीडीएफमध्ये आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक प्रकाशनं संकेतस्थळावर खुली केली आहेत. या मंडळाचे पहिले अध्यक्ष आणि मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं पीडीएफ, बालभारतीची पाठ्यपुस्तकंही पीडीएफ. या फायलींत पान गोठलेलं असतं. स्क्रीन लहान झाली की सगळं पानच आक्रसतं.

एक हिशेब मांडून पाहू. मराठी कादंबरी, कथासंग्रह बहुधा डेमी आकारात छापले जातात, म्हणजे साधारण १४ सेंमी रुंद आणि २१.६ सेंमी उंच. मजकूर १२ पॉइंटमध्ये आहे असं धरा आणि पूर्ण पान स्क्रीनवर बसवा. ६.७ इंची फोनवर पान निम्मं होतं, अक्षर ६ पॉइंटचं. सहा इंची ई-रीडरवर ६.८ पॉइंट, सात इंचीवर ७.९. ८.७ इंची टॅबवर ९.७, आयपॅड मिनीवर ९.८. १०.३ इंची ई-रीडरवर ११.६, म्हणजे जवळजवळ छापील पुस्तकच. आठ पॉइंटच्या खाली देवनागरी सलग वाचणं चाळिशी उलटलेल्याला जड जातं. त्या हिशेबाने पीडीएफसाठी सात इंच हा उंबरठा आहे आणि आठ-पावणेनऊ इंचांपासून सोय सुरू होते.

यात एक पळवाट आहे, आणि ती सात इंचवाल्यांच्या फायद्याची. पुस्तकाच्या चारी बाजूंचा समास कापून टाकला, की उरलेला मजकूर जेमतेम ११ सेंमी रुंद असतो. तो सात इंची ई-रीडरच्या १०.७ सेंमीत जवळपास मूळ मापाने बसतो. पान मात्र एका नजरेत मावत नाही, खालचा थोडा भाग सरकवून वाचावा लागतो. बहुतेक वाचन-ॲपमध्ये समास कापायची सोय असते आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

सातबारा, नोट्स आणि पोथी

खानदेशात टॅबवर वाचलं जाणारं सगळंच काही कादंबरी नसतं. सातबारा घ्या. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ए-४ मापाचा येतो. फोनवर ते पान मूळच्या एक तृतीयांश होतं. भोगवटादाराचं नाव वाचायला दोन बोटांनी मोठं करावं, तर त्याच्यापुढचे क्षेत्र, आकार, पो.ख., फे.फा. हे रकाने स्क्रीनबाहेर जातात. सरकवत सरकवत क्षेत्रावर यावं, तर ते कोणत्या खात्याचं हे मागे राहिलेलं असतं. सामाईक खात्यात आठ-दहा नावं असली की चुकीच्या नावापुढचं क्षेत्र वाचलं जायला वेळ लागत नाही. तोच उतारा ८.७ इंची टॅब आडवा धरून पाहिला तर ९० टक्के मापाने दिसतो आणि ओळ डावीकडून उजवीकडे सलग वाचता येते.

स्पर्धा परीक्षांच्या आणि नीट-जेईईच्या नोट्सही ए-४ वरच असतात, आणि पुष्कळदा झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या. इतर मागास, विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना ‘महाज्योती’ संस्था प्रशिक्षणासाठी मोफत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा देते. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत टॅब आता नवलाईचा राहिलेला नाही. ज्यांना स्वतः विकत घ्यायचा आहे त्यांनी एवढं बघावं: उभ्या ८.७ इंची टॅबवर ए-४ पान ५४ टक्क्यांवर येतं, १६:१० च्या ११ इंचीवर ७० टक्क्यांवर. दिवसातले पाच-सहा तास नोट्स वाचायच्या आणि गणितं सोडवायची असतील तर छोटा टॅब ही काटकसर डोळ्यांना महाग पडते.

आणि पोथी. धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेलं रामदासी वाङ्मयाचं हस्तलिखित भांडार आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळातही जुनी कागदपत्रं आहेत. पोथीचं पान आडवं, रुंद आणि बुटकं. अशा पानाच्या छायाचित्राला ४:३ च्या चौकोनी स्क्रीनपेक्षा आडवा धरलेला लांबट टॅब बरा. मोडीतली पत्रं उलट उभी आणि लांबलचक, त्यांना उभा टॅब सोयीचा. पुस्तकासाठी गैरसोयीचं ठरलेलं प्रमाण इथे उपयोगी पडतं. अहिराणी या इथल्या बोलीचंही तसंच. तिचा आजचा मोठा वावर यूट्यूबवरच्या गाण्यांत आणि विनोदी व्हिडिओंत आहे. आडव्या व्हिडिओसाठी लांबट टॅबच योग्य, तिथे ४:३ स्क्रीनवर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात.

ऊन, वीज आणि वजन

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो. ॲपल आयपॅडच्या वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगते, ई-रीडरची मर्यादाही तितपतच. म्हणजे दुपारी ओट्यावर, केळीच्या बागेत किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत कोणतंच यंत्र ठेवण्यात शहाणपण नाही. तापलेला टॅब स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो. सावलीत बसून पण लख्ख उजेडात वाचायचं असेल, तर फरक पडतो. टॅबच्या काचेत आपलाच चेहरा आणि मागचं आभाळ दिसतं, ई-इंकवर अक्षर उलट जास्त ठळक होतं.

विजेच्या बाबतीतही तेच. टॅब सलग वापरला तर दिवसभर पुरतो, ई-रीडरची बॅटरी आठवडे चालते. खेड्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा ही गोष्ट मोलाची.

वजन दुकानात कोणी विचारत नाही, पण आडवं पडून वाचणाऱ्याला ते अर्ध्या तासात कळतं. २०२२ चा सहा इंची किंडल १५८ ग्रॅम, सात इंची पेपरव्हाइट २११, आयपॅड मिनी २९३, टॅब ए९ सुमारे ३३२. टॅब मुळातच पाव किलोच्या पुढे, कव्हर चढवलं की आणखी जड होतो. एका हातात धरून तासभर वाचायचं तर सात इंची ई-रीडर ही सोयीची वरची मर्यादा.

मग घ्यावं काय?

किंडलवरच्या मराठी-इंग्रजी कथा-कादंबऱ्या हेच मुख्य वाचन असेल, तर ३०० पिक्सेलचा सात इंची ई-रीडर घ्या. सहा इंची घ्यायला हरकत नाही, पण त्यावर पीडीएफ वाचायची आशा धरू नका. साहित्य-संस्कृती मंडळाची पुस्तकं, ई साहित्य, बुकगंगा, सातबारा, थोडं यूट्यूब असा मिश्र वापर असेल, तर ८.३ ते ८.७ इंची टॅब. खानदेशातल्या बहुतेक घरांना हाच आकार लागू पडतो. दिवसभर ए-४ नोट्स वाचणाऱ्या विद्यार्थ्याने छोट्याचा मोह सोडून अकरा इंचांकडे जावं. दहा इंची ई-रीडर संशोधकाला आणि प्राध्यापकाला उत्तम, किंमत परवडली तर. सात इंची लांबट टॅब आज वाचनासाठी कोणीही घेऊ नये, तेवढं काम हातातला फोन करतो.

दुकानात जाताना दोन गोष्टी सोबत न्या: सहा इंची फूटपट्टी आणि आपण खरोखर वाचणार आहोत ती एक पीडीएफ. खोक्यावरचे तिरपे इंच विसरून स्क्रीनची रुंदी मोजा, मग ती फाइल उघडून पूर्ण पान बसवा आणि मधलीच एक ओळ वाचून बघा. ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे दिसले तर पैसे द्या, नाही दिसले तर पुढच्या दुकानात जा.